‘माय मदर’ कुणाची?

प्रश्न : मी वेंगुर्ले तालुक्यातल्या एका शाळेत सातवीला इंग्रजी शिकवते. गाईडमधला निबंध मुलं घडाघडा म्हणतात, पण ‘मनाने लिहा’ म्हटलं की वह्या कोऱ्या. लिहिलंच तर ओळीओळीत चुका, मग पालक विचारतात, ‘बाई शिकवतात काय?’ मुलांना मोकळं सोडावं, की पाठांतरच बरं?
– एक शिक्षिका

उत्तर : बाई, तुमचं पत्र वाचताना मला मालवणच्या माझ्या वर्गातला एक मुलगा आठवला. ‘माय मदर’ निबंधात त्याने लिहिलं होतं, ‘माय मदर इज अ हाउसवाइफ.’ स्पेलिंग चोख. आणि त्याची आई तर रोज सकाळी बाजारात मासे विकायला बसायची, मीच तिच्याकडून बांगडे घ्यायचे. मी विचारलं, ‘ही कोणाची आई रे?’ बराच वेळ तो गप्प. मग म्हणाला, ‘बाई, माजी आवस मासे इकता. ता इंग्रजीत कसा लिवचा?’

इंग्रजीच्या तासाला त्याने आपणहून विचारलेला हा पहिला प्रश्न. मी उत्तर दिलं नाही, डिक्शनरी हातात दिली. तास संपताना वहीत होतं, ‘माय मदर सेल फिश. शी सिट इन मार्केट. शी नो फ्रेश फिश बाय आय.’ माशाचा डोळा बघून ताजेपणा ओळखायचा, हे कुठल्या गाईडात मिळणार? तिन्ही क्रियापदांना ‘एस’ हवा होता. मी पहिल्याला लावून दाखवला आणि बाकीचे दोन त्यालाच शोधायला लावले. त्याने शोधले.

‘मनाने लिहा’ एवढंच सांगून मुलांना सुचत नाही, हा माझाही अनुभव. त्यांना कुंपण घालून द्या : पाचच वाक्यं, आणि प्रत्येकात तुझ्याच घरातली एक गोष्ट. मग पेन चालायला लागतं.

इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिणेतल्या शाळांमध्ये असाच एक प्रयोग केला. व्याकरणाचे धडे बाजूला ठेवून मुलांना नकाशे, रेल्वेचं वेळापत्रक अशी सोडवायची कामं दिली. अर्थ लावण्यात मन गुंतलं की व्याकरण त्या ओघात अंगवळणी पडतं, असं त्यांचं म्हणणं. आपल्याकडे तर कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक आयतं आहे. ते इंग्रजीतलं घ्या, चौघाचौघांचे गट करा आणि विचारा : मामा गणपतीला दादरहून निघाला, तर कुडाळला उतरायला तुतारी एक्सप्रेस बरी की मांडवी एक्सप्रेस, आणि का? ‘का’चं उत्तर इंग्रजीत, मोडकंतोडकं चालेल.

पालकांचं म्हणणं अगदीच चूक नाही, चुकांचे मार्क जातात. म्हणून आठवड्याचा एकच तास याला द्या. वहीच्या मागच्या पानावर प्रत्येकाने आपल्या नेहमीच्या तीन चुका लिहून ठेवायच्या आणि वही देण्याआधी तेवढ्या तीनच स्वतः तपासायच्या. सहामाहीपर्यंत तुमची लाल शाई कमी लागेल. पाठांतराला मी नावं ठेवणार नाही, पाठ केलेली वाक्यं पुढे कामाला येतात. पण स्वतःची आई खोडून दुसऱ्याची लिहायला मुलाला लावलं, की मला राग येतो.

सुरुवात जूनमध्येच करा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, पुष्कळ मुलांचे वडील घरी जाळी दुरुस्त करत बसलेले असतात. जाळ्याच्या भागांची नावं त्यांना विचारून यायला सांगा. डिक्शनरीत सगळी सापडणार नाहीत. जो शब्द सापडणार नाही तो मालवणीतलाच ठेवू द्या, आणि मुंबईच्या मुलाला तो कळेल असं एक इंग्रजी वाक्य त्याच्यापुढे लिहायला लावा.