उभ्या टोमॅटोत निमॅटोडच्या गाठी निघाल्या, तर आता काय आणि पुढच्या लागवडीआधी काय

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा असा: टोमॅटो पहिल्या तोड्याला आलाय, दुपारी काही पट्ट्यांतली झाडं माना टाकतात आणि संध्याकाळी पुन्हा सावरतात. खत-पाणी देऊनही वाढ नाही. झाड उपटलं तर मुळांना गाठी. कोणतं औषध सोडू, कडेनं झेंडू लावला तर भागेल का, आणि या रानात पुढं काय घेऊ?

औषधाचं आधी सांगतो, कारण तिथंच सगळ्यात जास्त पैसा वाया जातो. फळं लागल्यावर, मुळं गाठींनी भरल्यावर सोडलेल्या कोणत्याही औषधानं हे पीक पूर्वपदावर येत नाही. निमॅटोडशी, म्हणजे मुळांत गाठी करणाऱ्या या सूक्ष्म सूत्रकृमीशी, खरा सामना दोन पिकांच्या मधल्या काळात होतो. उभ्या पिकात हाती राहतं ते नुकसान कमी करणं.

असं का, ते या किड्याच्या जगण्यात आहे. अंड्यातून बाहेर पडणारं पिल्लू जेमतेम 0.4 मिलिमीटर लांब, डोळ्याला न दिसणारं. मातीच्या कणांमधल्या पाण्यातून सरकत ते मुळाच्या टोकाजवळ आत घुसतं आणि अन्नरस वाहणाऱ्या नलिकांशेजारी ठाण मांडतं. त्याच्या लाळेमुळे आजूबाजूच्या काही पेशी अवाढव्य फुगतात. झाडानं पानात तयार केलेलं अन्न मग त्या पेशींकडे ओढलं जातं आणि निमॅटोड जागेवरून न हलता ते पितो. बाहेरून आपल्याला दिसते ती गाठ. मादी आत फुगून नासपतीच्या आकाराची होते आणि मुळाच्या पृष्ठभागावर चिकट पिशवीत 300 ते 500 अंडी घालते, कधी त्याहूनही जास्त. जमीन 27-28 अंशांच्या आसपास असेल तर एक पिढी साधारण चार आठवड्यांत पूर्ण होते. म्हणजे लागवडीच्या वेळी चिमूटभर असलेली संख्या शेवटच्या तोड्यापर्यंत तीन-चार पिढ्या ओलांडते. आज तुम्हाला गाठी दिसतात तेव्हा मादी मुळाच्या आत सुरक्षित बसलेली आहे, अंडी चिकट आवरणात आहेत. औषध गाठतं ते फक्त मातीत फिरणाऱ्या पिल्लांना.

दुपारचं सुकणंही यातूनच येतं. गाठींमुळे पाणी वर नेणाऱ्या वाहिन्या वेड्यावाकड्या होतात, पांढरी मुळी संपते, आणि ऊन चढलं की झाडाची मागणी पुरी होत नाही. खताची कमतरता समजून लोक आणखी खत ओततात. ते घ्यायला मुळीच शिल्लक नसते.

तरी खात्री करून घ्या. गाठ भिंगाखाली अलगद फोडली तर आत टाचणीच्या टोकाएवढे मोत्यासारखे पांढरे दाणे दिसतात, त्या माद्या. टोमॅटोत गोंधळ होत नाही, पण पुढं शेंगवर्गीय पीक घेतलंत तर होईल. नत्राच्या गाठी मुळाच्या बाजूला चिकटलेल्या असतात, बोटानं सहज सुटतात आणि कार्यक्षम असतील तर आतून गुलाबी निघतात. निमॅटोडची गाठ म्हणजे मूळच फुगलेलं. ती सुटत नाही, मूळ तुटतं. आणि सुकलेलं झाड संध्याकाळी सावरतच नसेल, तर खोड आडवं कापून बघा. आत तपकिरी रेघ असेल तर फ्युजेरियम (बुरशीजन्य) मर किंवा जिवाणूजन्य मर सोबत आलेली आहे. निमॅटोडनं दुबळं केलेल्या मुळात या रोगांना शिरणं सोपं जातं. काही वाणांची मर सहन करण्याची ताकदही निमॅटोड आल्यावर ढासळते, त्यामुळे मरीवर बुरशीनाशकं सोडून दमलेल्या माणसानं एकदा मुळं धुऊन पाहावीत.

उभ्या पिकात करायचं ते एवढंच: पाणी थोडं थोडं आणि वारंवार द्या, कारण उरलेली मुळं उथळ आहेत आणि त्यांना ताण सोसत नाही. खत ठिबकमधून लहान हप्त्यांत द्या. आच्छादन असेल तर काढू नका. फ्लुओपायराम किंवा फ्लुएनसल्फोनसारखं औषध तुमच्याकडे या पिकासाठी नोंदलेलं असेल, तर लेबलवर लिहिलेली वेळ आणि काढणीपूर्व काळ पाहा. ही औषधं लागवडीपूर्वी किंवा लागवडीच्या सुमारास जास्त शोभतात. फ्लुओपायराम मुळात बुरशीनाशक आहे. ते मातीत फारसं खाली उतरत नाही, त्यामुळे मुळांच्या जागी नेमकं पडलं तरच उपयोग. फ्लुएनसल्फोन लागवडीआधी द्यायचं असतं. रोपाच्या अंगावर चुकीच्या वेळी पडलं तर रोपालाच इजा करतं.

जुन्या लोकांच्या बोलण्यात जी जालीम औषधं येतात त्यांच्या मागं लागू नका. डीबीसीपी नावाचं धुरी औषध एकेकाळी सर्रास वापरलं जायचं. 1977 मध्ये ते तयार करणाऱ्या कारखान्यातल्या पुरुष कामगारांत वंध्यत्व आढळलं आणि ते हद्दपार होत गेलं. मिथाइल ब्रोमाइड ओझोनच्या थराला घातक, म्हणून मॉन्ट्रियल करारानुसार शेतजमिनीतला त्याचा वापर विकसित देशांत 2005 पर्यंत आणि विकसनशील देशांत 2015 पर्यंत थांबवायचा ठरला. कार्बोफ्युरान, आल्डीकार्ब ही कार्बामेट गटातली, पक्ष्यांना आणि माणसाला अत्यंत विषारी. शिवाय नेहमीच्या मात्रेत ती निमॅटोडला बहुतेकदा मारत नाहीत, लुळं करतात. मातीतलं प्रमाण उतरलं की बरेचसे पुन्हा हालचाल करू लागतात. म्हणून सुरुवातीला रान हिरवंगार दिसतं आणि काढणीनंतर मोजणी केली तर संख्या होती तिथंच.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम, जे जवळजवळ कुणी करत नाही. शेवटचा तोडा झाला की दोन-तीन दिवसांत झाडं मुळांसकट उपटा. वरून छाटून खोडं तशीच ठेवली, तर मूळ कितीतरी दिवस जिवंत राहतं आणि तुमच्या खर्चाशिवाय आणखी एक पिढी निघते. उपटलेली मुळं बांधावर टाकू नका, पाटाच्या पाण्यात तर नकोच. उन्हात कडक वाळवून नष्ट करा. कंपोस्टचा ढीग आतपर्यंत नीट तापत नसेल तर त्यातही नको. निमॅटोड स्वतःच्या जोरावर वर्षभरात मीटरभरही जात नाही. त्याला रानभर फिरवतो आपण: नांगराला चिकटलेली माती, वाहतं पाणी, बुटांचे तळवे आणि मुख्य म्हणजे रोपं. बाधित पट्टे नांगरटीच्या दिशेनं लांबत गेलेले दिसतात ते याचमुळे. यंत्र आधी चांगल्या भागात चालवा, बाधित पट्टा शेवटी, आणि मग फाळ धुवा.

जमीन मोकळी झाल्यावर कडक उन्हाच्या दिवसांत दोन-तीन आठवड्यांच्या अंतरानं दोनदा-तीनदा खोल नांगरट करा. अंडी आणि पिल्लं वर येऊन वाळतात. मधल्या काळात तण उगवू दिलंत तर सगळी मेहनत फुकट, कारण या किड्याला दोन हजारांहून जास्त वनस्पती चालतात आणि घोळ, माठ, कामोणी ही तणं त्यात येतात. रान पडीक ठेवलंय म्हणतात आणि तणानं भरलेलं असतं. त्याला पडीक म्हणायचं नाही.

उन्हानं माती तापवण्याची पद्धत जॅकोब काटान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1976 मध्ये इस्रायलमधून मांडली. ओल्या, सपाट जमिनीवर पारदर्शक पातळ प्लास्टिक, कडा मातीत घट्ट गाडलेल्या, चार ते सहा आठवडे. काळा कागद नको, तो स्वतः तापतो आणि मातीपर्यंत उष्णता कमी जाते. 42 अंशांवर पिल्लं मरायला सुमारे 14 तास लागतात, अंड्यांना साधारण 13 तास. म्हणून एखादा कडक दिवस पुरत नाही. फायदा मिळतो तो वरच्या थरात, फूटभराखाली निमॅटोड तग धरतात. रोपवाटिकेच्या वाफ्यांना ही पद्धत उत्तम. मोठ्या रानात प्लास्टिकचा खर्च आणि रोजगार जुळतो का, हे तुम्हीच ठरवा.

झेंडूबद्दल स्पष्ट बोलतो. कडेनं एक ओळ लावून काही होत नाही. झेंडूच्या जिवंत मुळात अल्फा-टरथायनिल नावाचं द्रव्य असतं, आणि मुळात घुसणारी पिल्लं तिथं वाढू शकत नाहीत. ही क्रिया मुळाच्या अगदी जवळ होते. त्यामुळे झेंडू त्या रानात दाट, सलग, स्वतंत्र पीक म्हणून दोन-तीन महिने हवा आणि त्यात तण नको. झेंडू कापून मातीत गाडल्यानं तोच परिणाम मिळेल असं समजू नका. वाणही पाहावा लागतो. बुटक्या, दाट फुटव्याच्या झेंडूवर जास्त अभ्यास झालाय, आणि सगळ्या जातीच्या निमॅटोडवर सगळे झेंडू सारखे चालत नाहीत. फुलं विकता येत असतील तर हा फेरपालट स्वतःचा खर्च काढतो. विकता येत नसतील तर हिरवळीच्या खताचा ताग (बोरू) बघा. तागावर गाठीचा निमॅटोड फारसा वाढत नाही आणि गाडला तर जमिनीत सेंद्रिय माल जातो.

पुढं काय घ्यायचं, याचं उत्तर तुमच्याकडे गाठीच्या निमॅटोडची कोणती जात आहे त्यावर अवलंबून. भुईमुगावर इन्कॉग्निटा ही जात वाढत नाही, पण अरेनारिया या दुसऱ्या जातीच्या एका वंशाला भुईमूग मनापासून आवडतो. मका गवतवर्गातला म्हणून सुरक्षित समजतात. इन्कॉग्निटाला त्यावर वाढता येतं. वांगी, भेंडी, काकडी, कारली, दुधी, गाजर या रानात इतक्यात नकोच.

टोमॅटोच पुन्हा घ्यायचा असेल तर बियाण्याच्या पाकिटावर प्रतिकारक्षमतेच्या खुणांत ‘एन’ आहे का पाहा. ही प्रतिकारशक्ती ‘एमआय’ नावाच्या जनुकातून येते. 1940 च्या दशकात पेरूव्हियानम या जंगली टोमॅटोपासून गर्भसंवर्धनानं (बियातला कोवळा गर्भ प्रयोगशाळेत वाढवून) मिळवलेल्या एका झाडातून ती आजच्या वाणांत आली. तिच्या दोन मर्यादा आहेत. मातीचं तापमान 28 अंशांच्या वर टिकून राहिलं की ती ढिली पडते. म्हणून उन्हाळी लागवडीत प्रतिकारक वाणालाही गाठी दिसतात आणि लोक बियाण्याला दोष देतात. आणि हाप्ला व एंटेरोलोबी या निमॅटोडच्या जातींना ती रोखत नाही. एंटेरोलोबी हाच तो पेरूच्या बागा वाळवणारा निमॅटोड. जवळपास पेरूची कलमं आणली असतील तर हा संशय मनात धरा. तोच वाण सलग घेत राहिलात तर प्रतिकार मोडणारे वंशही निवडून निघतात. टॉर्व्हम रानवांग्याच्या खुंटावर कलम केलेली रोपं हा दुसरा मार्ग, आणि तो वांग्यात जास्त रुळलेला आहे.

जैविक बुरश्या आणि जिवाणूंवर माझा विश्वास आहे, पण पाण्यातून एकदा सोडून गप्प बसण्यावर नाही. पर्प्युरिओसिलियम (जुनं नाव पॅसिलोमायसिस) आणि पोकोनिया या बुरश्या निमॅटोडच्या अंड्यांवर वाढतात, ट्रायकोडर्मा ही बुरशी आणि स्यूडोमोनास हे जिवाणू मुळांभोवती जागा धरतात. एक टन कुजलेल्या शेणखतात प्रत्येकी 2 किलो कल्चर मिसळा, 25-30 टक्के ओल ठेवून सावलीत 15 दिवस झाका, अधूनमधून वरखाली करा, मग लागवडीआधी सरीत द्या. निंबोळी पेंडही लागवडीच्या दोन-तीन आठवडे आधी मातीत मिसळून पाणी द्यायचं. रोपाच्या बुडाशी ताजी टाकली तर कोवळ्या मुळाला चटका बसू शकतो. हे उपाय संख्या दाबून ठेवतात. भरलेल्या रानात एका हंगामात चमत्काराची अपेक्षा ठेवू नका.

रोपं स्वतः करत असाल तर ट्रेमध्ये, स्वच्छ कोकोपीटवर, ट्रे जमिनीला टेकू न देता. विकत घेत असाल तर घेण्याआधी दोन-चार रोपांची मुळं धुऊन बघा. गाठीचं एक रोप म्हणजे पुढच्या सगळ्या वर्षांची बेगमी.

आणि काहीही ठरवण्याआधी नमुना. शेवटच्या तोड्याच्या वेळी घ्या, तेव्हा संख्या सर्वाधिक असते. पूर्ण मेलेल्या झाडाखालची माती घेऊ नका. तिथं खायला मूळ नाही, त्यामुळे निमॅटोडही कमी मिळतात आणि अहवाल फसवा येतो. पट्ट्याच्या कडेची, अजून तग धरलेली झाडं निवडा. मुळांजवळून 15-20 सेंटिमीटर खोलीवरची माती 15-20 ठिकाणांहून नागमोडी फिरत घ्या, मिसळा, त्यातली 250 ग्रॅम माती आणि मूठभर बारीक मुळं पिशवीत बंद करा. पिशवी उन्हात किंवा तापलेल्या गाडीत ठेवू नका, वाळवू तर अजिबात नका. मोजणी जिवंत निमॅटोडची होते. प्रयोगशाळेला जात ओळखून मागा, नुसती संख्या नको. अहवालात एकूण निमॅटोडचा मोठा आकडा दिसला तरी घाबरू नका, त्यातले बरेच जिवाणू आणि बुरशी खाऊन जगणारे, उलट उपयोगी असतात. गाठीच्या निमॅटोडची पिल्लं ग्रॅमभर मातीत एक-दोन निघाली, तर मात्र भाजीपाल्यासाठी तो इशारा समजतात.

प्रयोगशाळा लांब असेल तर त्याच मिश्र मातीच्या चार-पाच कुंड्या भरा, प्रत्येकीत काकडीचं बी टोका आणि चार-पाच आठवड्यांनी मुळं पाण्यात अलगद धुऊन बघा. तुलनेसाठी एका कुंडीत उकळत्या पाण्यानं भिजवून गार केलेली तीच माती ठेवा. यातून जात कळणार नाही, पण रान अजून भरलेलं आहे की उतरलंय ते कळेल. हीच चाचणी झेंडू किंवा ताग काढल्यावर पुन्हा घ्या आणि तेव्हाच पुढच्या रोपांची मागणी नोंदवा.