घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घ्यायचं की नाही?

कुत्र्यांच्या वागण्याबद्दल सल्ला देणं हे माझं काम, त्यामुळे गणपती गेले की माझा फोन वाजायला लागतो आणि दिवाळीपर्यंत थांबत नाही. बोलणारा नवा असतो, प्रश्न तोच. "मॅडम, फटाके वाजले की आमचा कुत्रा थरथरतो, मांडीत शिरायला बघतो. जवळ घेतलं तर आणखी भित्रा होईल म्हणतात. मग काय, लक्षच द्यायचं नाही?"

इंदूरमध्ये हा प्रश्न दिवाळीपुरता नसतो. अनंत चतुर्दशीच्या झाँक्या, म्हणजे देखाव्यांच्या मिरवणुका असतात. देवउठनी ग्यारस (आपली कार्तिकी एकादशी) झाली की वराती आणि डीजे सुरू होतात. आणि भारतानं मॅच जिंकली की राजवाड्यावर जी गर्दी लोटते, तिची तारीख तर कुठल्याच कॅलेंडरात नसते.

उत्तर आधीच देऊन टाकते. जवळ घ्या. का, ते सांगायला भुऱ्याचं उदाहरण घेते. नावं बदलली आहेत, कुत्र्याचंसुद्धा. घरच्यांची तशी अटच होती.

सुदामानगरातलं कुटुंब. दादा बँकेतून निवृत्त, काकू, मुलगा, सून आणि शाळकरी नात. भुऱ्या सहा वर्षांचा, देशी, पिल्लू असतानाच रस्त्यावरून उचलून आणलेला आणि तेव्हापासूनच आवाजाला घाबरणारा. सुतळी बॉम्ब फुटला की बाथरूममध्ये बादलीमागे जाऊन बसायचा आणि लाळ गाळायचा. मग दादा त्याला पट्ट्याला धरून बाहेर ओढायचे, 'सवय व्हावी' म्हणून. दादा झोपले की सून बाथरूमच्या फरशीवर त्याच्याजवळ जाऊन बसायची. एका कुत्र्याच्या भीतीवर घरात दोन पक्ष पडले होते.

पहिल्याच भेटीत दादांनी निकाल देऊन टाकला. "बाई, हा लाडावलाय. सूनबाईनं डोक्यावर चढवून ठेवलाय."

"दादा, तुमची दाढ ठणकत असताना काकूंनी हात धरला, तर दुसऱ्या दिवशी ती जास्त ठणकेल का?"

"छे! त्याचा काय संबंध?"

"मग भुऱ्याची भीती तरी कशी वाढेल?"

दादा गप्प बसले, पटलं मात्र नाही. काकू खुदकन हसल्या.

खाऊ मिळतो म्हणून कुत्रा हात द्यायला शिकतो, हे खरं. पण थरथरणं, लाळ गळणं या त्यानं ठरवून केलेल्या गोष्टी नाहीत. भीती ही आत होणारी घटना आहे. तिला बक्षीस देता येत नाही, तशी ती शिक्षेनं जातही नाही. शिक्षेनं एवढंच होतं की फटाका तर वाईट असतोच, त्यात घरातला माणूसही वाईट ठरतो. एक मात्र सांभाळायचं. जवळ घ्यायचं ते तो आपणहून आला तर. घट्ट आवळून धरू नये, लपला असेल तर ओढून काढू नये. बादलीमागची जागा त्यानं शोधलेला उपाय आहे, तो त्याच्याकडून काढून घेऊ नये.

"एवढ्याशा आवाजाला काय घाबरायचं?" हे वाक्य मला घरोघरी ऐकू येतं. फुटण्याच्या जागेपासून 4 मीटरवर 125 डेसिबल ही फटाक्याची कायदेशीर मर्यादा आहे, आणि ती पाळणारे किती हे आपण जाणतोच. शिवाय आपले कान साधारण 20,000 हर्ट्झपर्यंतचे उंच पट्टीचे आवाज ऐकतात, कुत्र्याचे 45,000 च्या आसपास. आवाज एवढासा आहे की नाही, हे आपण ठरवू नये.

मी माणसांच्या समुपदेशनातून या कामात आले, म्हणून माझा ओढा कुठे आहे ते लपत नाही. 1924 साली मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी पीटर नावाच्या लहान मुलाची सशाची भीती घालवली. तो आवडीचं खात असताना ससा लांब ठेवायचा आणि पोरगं जेवढं सहन करील तेवढाच हळूहळू पुढे सरकवायचा. शेवटी पीटर सशाला हात लावू लागला. माझ्या मते शंभर वर्षांत याच्याहून शहाणं कुणी फारसं काही सांगितलेलं नाही. पट्ट्याला झटके देणाऱ्या 'उस्तादां'नी तर नाहीच.

भुऱ्याच्या घरच्यांना मी एकच काम दिलं. आवाज व्हायच्या आधी तो काय करतो, तेवढं लिहून आणायचं. वही नातीनं ठेवली आणि पोरीनं नोंदी फार बारकाईनं केल्या. 'आजोबांनी खिडक्या लावल्या. भुऱ्या कापायला लागला. अजून फटाका नाही.' पुढच्या पानावर तेच. आणखी एका पानावर, 'आईनं पनीर दिलं. खाल्लं नाही. दाराकडे बघत बसला.'

वही वाचताना सगळा उलगडा झाला. आवाज सुरू होणार म्हटलं की दादा घरभर धडाधड खिडक्या लावत आणि सून 'त्याचं लक्ष दुसरीकडे जावं' म्हणून आधीच पनीर पुढे करी. दोघांचाही हेतू चांगला होता. भुऱ्यानं त्यातून इतकंच घेतलं की खिडक्या लागल्या, पनीर आलं, म्हणजे आता ते येणार. बिचारं पनीरही बदनाम झालं होतं.

"म्हणजे क्रम उलटा करायचा," मी म्हटलं. "आधी आवाज, लगेच पनीर. आवाजाशिवाय पनीर नाही, पनीराशिवाय आवाज नाही. आणि खिडक्या दुपारीच, हळू लावून टाका."

"सेव चालेल का?" दादांनी विचारलं. शेवटी इंदूरचेच ते.

"नाही दादा. मीठ-मसाला त्याला नको."

दिवाळी उलटल्यावर, शांत दिवसांत आम्ही सुरुवात केली. नात मोबाइलवर फटाक्यांचा आवाज लावायची, इतका बारीक की भुऱ्याचा फक्त कान हलावा. कान हलला की दादांच्या सुपारीच्या डबीतून पनीरचा नखाएवढा तुकडा. तो खायचा थांबला, तर आवाज मोठा झाला असं समजून खाली आणायचा. मोबाइलच्या स्पीकरला मर्यादा आहे, बॉम्बचा खालचा घुमारा आणि जमिनीची थरथर त्यात येत नाही. म्हणून घरातले खरेखुरे आवाजही घेतले, कुकरची शिट्टी, दार आपटणं. डबी मी मुद्दामच दादांच्या हातात दिली होती. पट्टा ओढणारा हातच आता तुकडा देणारा व्हायला हवा होता.

आणि मग एका भेटीत, मी तिथेच बसलेले असताना, स्वयंपाकघरात काकूंच्या हातून पातेल्याचं झाकण निसटलं. फरशीवर ते चांगलंच वाजत गोल फिरत राहिलं. भुऱ्या दचकून उठला. शेपूट आत, कान मागे. आता बाथरूम, असं सगळ्यांना वाटलं. तो दोन पावलं गेलाही. मग थांबला, मान वळवली आणि दादांच्या खिशाकडे बघितलं.

दादा डबी उघडायचं विसरले होते. "दादा, पनीर!" मी ओरडले, माझ्या सगळ्या संयमाला बाजूला ठेवून.

या कामात मी ज्याची वाट बघते तो हाच क्षण. कुत्रा धीट झाला, असा त्याचा अर्थ नाही. तो दचकलाच होता. पण आवाज आणि पळ काढणं यांच्या मधे त्याला प्रश्न पडला, 'आता माझं काय?' तो प्रश्न पडला की निम्मं काम झालं. स्वित्झर्लंडमधल्या बर्न विद्यापीठाच्या 2020 मधल्या पाहणीतही, आवाज होताच खाऊ किंवा खेळ देऊन पाहणाऱ्या सुमारे 70 टक्के मालकांनी फायदा झाल्याचं सांगितलं होतं. मला मात्र दादांचा चेहरा पुरेसा होता. "बाई, यानं मला विचारलं हो!" असं ते म्हणाले आणि पुढे बराच वेळ सुनेशी नीट बोलत होते.

पुढच्या दिवाळीला भुऱ्या दिवाणाखालीच बसला. वर गोधडी सोडलेली आणि थंडीची चाहूल असूनही कूलर चालू, कारण त्याची घरघर बाहेरचा आवाज बराच झाकते. लाळ गळली नाही. लक्ष्मीपूजनानंतर बाहेर येऊन जेवला. दर वर्षी असंच होईल, अशी हमी मी कुणाला देत नाही.

तुमची दिवाळी दोन आठवड्यांवर आली असेल, तर आता सराव करायला वेळ नाही. आधी व्हेटकडे जा. भीती कमी करणारी औषधं आहेत, पण ती आधी ठरवून, मात्रा तपासून द्यावी लागतात. नुसती गुंगी आणणारी गोळी मागू नका. तिनं अंग ढिलं पडतं, भीती आत तशीच राहते. घरातली माणसांची झोपेची गोळी तर अजिबात नको. फिरवणं अंधार पडायच्या आत उरका, पट्टा हातात पक्का धरा आणि कॉलरवर फोन नंबर लिहा, कारण घाबरून पळालेले कुत्रे त्याच रात्री हरवतात.

आणि सात-आठ वर्षांचा, आजवर कशालाच न घाबरलेला कुत्रा अचानक आवाजाला दचकू लागला, तर माझ्याकडे यायच्या आधी त्याचे सांधे आणि पाठ तपासून घ्या. दुखणाऱ्या अंगाला दचकणं जास्त लागतं. महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय इथून फार लांब नाही.