दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्याच प्रशिक्षण छावणीत सैनिकाचा दिवस कसा जायचा?

तुमची तक्रार अशी की सिनेमात नुसती कवायत आणि ओरडणारा सार्जंट दिसतो. उरलेला दिवस ही मुलं काय करायची आणि त्या शिक्षणाचा पुढे उपयोग झाला का, हे तुम्हाला हवंय. सगळ्या छावण्यांबद्दल मोघम लिहिण्यापेक्षा एकीबद्दलच सांगतो. मी कोलोरॅडोत राहतो. इथे टेनेसी पास या खिंडीच्या पायथ्याशी कॅम्प हेल होता, डोंगरात आणि बर्फात लढण्यासाठी तयार केलेल्या अमेरिकी सैन्याच्या दहाव्या माउंटन डिव्हिजनची छावणी. डेन्व्हरच्या सार्वजनिक ग्रंथालयात या डिव्हिजनची पत्रं, डायऱ्या, फोटो जपलेले आहेत आणि ते चाळत बसायचा मला नाद आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो: इथल्या शिपायाचा जास्त वेळ धूर, ओझं आणि साफसफाई यांत गेला. बंदुकीचा नंबर त्यानंतरचा.

धुराचं म्हणाल तर छावणी ९,२०० फुटांवर, चारी बाजूंनी डोंगर. (आपलं कळसूबाईचं शिखर ५,४०० फुटांवर आहे.) १९४२ मध्ये सात-आठ महिन्यांत हजारच्या आसपास इमारती उठवल्या आणि त्या सगळ्या कोळशावर तापायच्या. शेजारून रेल्वेची इंजिनंही कोळसा जाळत घाट चढायची. थंड हवा दरीत बसली की धूर तिथेच कोंडून राहायचा. पोरं दिवसरात्र खोकायची. जवळच्या पँडो स्टेशनवरून त्या खोकल्याला ‘पँडो हॅक’ असं नावच पडलं होतं. सपाट प्रदेशातून आलेल्या नव्या भरतीला पहिले काही दिवस जिना चढतानाही धाप लागायची.

बाकी दिनक्रम कुठल्याही छावणीसारखाच. पहाटे बिगुल, अंधारात हजेरी, खाट चापूनचोपून लावणं, मेसमधला नाश्ता, व्यायाम, मग दिवसभर प्रशिक्षण. पाळी आली की स्वयंपाकघरात बटाटे सोलायचे आणि भांडी घासायची. शुक्रवारी रात्री गुडघ्यांवर बसून बराकीची जमीन घासायची, कारण शनिवारी सकाळी तपासणी. संडासांना आडोसा नसायचा, याचा धक्का घरून नुकत्याच आलेल्या पोरांना गोळीबाराच्या सरावापेक्षा मोठा असावा, असं मला वाटतं. दिवसातला सगळ्यात महत्त्वाचा क्षण टपाल वाटपाचा. घरी लिहिणं मात्र फुकट होतं: १९४२ पासून सैनिकाने तिकिटाच्या जागी ‘फ्री’ असं लिहिलं की पत्र जायचं.

या छावणीची खरी खासियत पाठीवरची रकसॅक. दोर, स्लीपिंग बॅग, तंबू, शिधा, दारूगोळा असं सगळं धरून ती चाळीस किलोपर्यंत जायची. एवढं ओझं पाठीवर आणि पायात पांढऱ्या रंगाच्या लांबलचक स्की. जवळच्या कूपर हिलवर स्की शिकवायचे. शिकवणाऱ्यांत युरोपातून आलेले नावाजलेले स्कीपटू होते, आणि शिकणाऱ्यांत आयुष्यात बर्फ न पाहिलेले दक्षिणेकडचे तरुण. त्यातच खेचरांची पलटण. कॉलेजातून आलेले स्कीवाले आणि खेचरं हाकणारे गडी यांचं एकमेकांशी फारसं जमत नसे. खेचरांचं तर कोणाशीच नाही.

मार्च-एप्रिल १९४४ मध्ये ‘डी-सीरिज’ नावाचा काही आठवड्यांचा सराव झाला. उणे तीस अंश फॅरनहाइटपर्यंतची थंडी, बर्फात मुक्काम, बर्फ वितळवून पाणी, बऱ्याच जणांची बोटं गारठून निकामी झालेली. पुढे प्रत्यक्ष लढून आलेल्या कित्येकांनी सांगितलं की लढाई परवडली, पण ती डी-सीरिज नको.

पगार साध्या शिपायाला महिना ५० डॉलर. लग्न झालेलं असेल तर त्यातले २२ कापायचे, सरकार २८ घालायचं आणि बायकोला ५० पोचायचे. शिवाय विम्याचा हप्ता, युद्धरोखे, धोब्याचे पैसे. उरेल त्यात शनिवार-रविवार. सगळ्यात जवळचं गाव लेडव्हिल, पण वेश्यावस्तीमुळे सुरुवातीला तिथे जायला बंदी होती. मग डेन्व्हर, नाहीतर ॲस्पेन. ॲस्पेन तेव्हा चांदीच्या खाणी बसल्यामुळे ओस पडत चाललेलं गाव होतं. तिथल्या हॉटेल जेरोममध्ये मिल्कशेकमध्ये बर्बन व्हिस्की घालून मिळायची. थंडीत कुडकुडून आलेल्यांना ती अमृतासारखी लागत असणार.

आता उपयोगाचं. १९४४ च्या अखेरीपासून डिव्हिजन इटलीत उतरू लागली आणि मे १९४५ च्या सुरुवातीला तिथलं युद्ध संपलंही. म्हणजे तयारी दोनेक वर्षांची आणि लढाई जेमतेम चार महिन्यांची. तेवढ्यात जवळजवळ हजार जण मेले. स्की लागल्या त्या काही गस्तींपुरत्या. पण १८ फेब्रुवारी १९४५ च्या रात्री ८६ व्या रेजिमेंटचे जवान रिव्हा रिजचा उभा कडा अंधारात चढून गेले. तिकडून कोणी येईल असं जर्मनांना वाटलंच नव्हतं. तिथे कामी आलं ते ओझं घेऊन मुकाट चढत राहणं. (त्याच इटलीत आपली मराठा लाइट इन्फंट्रीही होती. वसंतातल्या शेवटच्या चढाईत, ९ एप्रिलला, सेनियो नदीवर नगर जिल्ह्यातल्या नामदेव जाधवांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. माउंटन डिव्हिजनचा हल्ला त्यानंतर पाच दिवसांनी दुसऱ्या बाजूने सुरू झाला.)

स्की कामी आल्या त्या युद्धानंतर. इटलीत जबर जखमी झालेल्या पीट सायबर्टने साथीदारांबरोबर १९६२ मध्ये डोंगरापलीकडे व्हेलचं स्की रिसॉर्ट सुरू केलं. ऐन हंगामात तिथलं एका दिवसाचं तिकीट आता ३०० डॉलरच्या वर जातं, म्हणजे कॅम्प हेलच्या शिपायाचा सहा महिन्यांचा पगार.