वाचकांचे प्रश्न : पॉटकेटची बेसबॉल टीम गेली कशी?

प्रश्न : माझी बहीण बॉस्टनजवळ राहते. तिच्याकडे ‘पॉसॉक्स’ लिहिलेली जुनी टोपी आहे, ती म्हणते ही टीम आता नाहीये. त्यांची एक मॅच आठ तास चालली होती म्हणे, हे खरंय का? आणि लोकांची एवढी लाडकी टीम गेली कशी? – एक वाचक, नाशिक

उत्तर : मॅचचं अगदी खरंय, उलट आठ तासांच्याही वर चालली. पॉसॉक्स म्हणजे पॉटकेट रेड सॉक्स. पॉटकेट हे रोड आयलंड राज्यातलं पाऊण लाखाच्या आसपास वस्तीचं गिरणगाव, १७९३ साली स्लेटरची सूतगिरणी इथेच उभी राहिली. मेजर लीगमधल्या (अमेरिकेतली सगळ्यात वरची बेसबॉल लीग) बॉस्टन रेड सॉक्सने १९७० मध्ये आपली खालच्या लेव्हलची टीम इथे आणली आणि १९७३ पासून ट्रिपल-ए, म्हणजे मेजर लीगच्या एकच पायरी खाली. आपल्याकडे रणजीत रन काढून पोरं इंडियाच्या कॉलची वाट बघतात ना, तसंच.

पण १९७७ पर्यंत टीमचं दिवाळं निघालं होतं. तेव्हा बेन माँडर नावाच्या निवृत्त गिरणीमालकाने ती घेतली आणि मला विचाराल तर पॉटकेटचा इतिहास खरा इथून सुरू होतो. स्टेडियम साफ केलं, तिकीट स्वस्त ठेवलं, पार्किंग फुकट, पोराबाळांना घेऊन कामगार माणूस संध्याकाळी येऊन बसू शकेल एवढंच बघितलं. पहिल्या वर्षी अख्ख्या सीझनला सत्तर हजारांच्या आसपास लोक आले होते, २००५ मध्ये साडेसहा लाखांच्या वर गेले! टीमच्या मकॉय स्टेडियममध्ये खेळाडूंची बसायची जागा स्टँडच्या खाली होती, म्हणून पोरं दुधाचे प्लॅस्टिकचे कॅन कापून त्यात बॉल नि पेन ठेवून दोरीने खाली सोडायची, खेळाडू सही करायचे की परत वर ओढायचे. मला या टीमची सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच.

आता ती मॅच. १८ एप्रिल १९८१, समोर रॉचेस्टरची टीम. नऊ इनिंगला संपणारा खेळ १-१ वर अडकला, एकविसाव्या इनिंगला रॉचेस्टरने एक रन काढला तर पॉटकेटच्या वेड बॉग्जने लगेच बरोबरी करून दिली, झालं, पुन्हा चालू. थंडी एवढी की खेळाडू मोडक्या बॅटी जाळून शेकत बसले. ठरावीक वेळेनंतर खेळ थांबवायचा नियम त्या वर्षी अंपायरच्या पुस्तकात छापलाच गेला नव्हता, त्यामुळे थांबवणार कोण? शेवटी लीगच्या अध्यक्षांना फोन लागला आणि पहाटे ४ वाजून ७ मिनिटांनी, ३२ इनिंगनंतर, २-२ वर थांबले. स्टँडमध्ये १९ माणसं उरली होती, त्यांना सीझन पास दिले. उरलेला खेळ २३ जूनला झाला, तेव्हा मेजर लीगमध्ये संप होता म्हणून झाडून सगळे पत्रकार पॉटकेटला आलेले, आणि तो १८ मिनिटांत संपला. डेव्ह कोझाच्या फटक्यावर पॉटकेट ३-२ ने जिंकलं. एकूण ८ तास २५ मिनिटं. बॉग्ज आणि समोरचा कॅल रिपकन पुढे हॉल ऑफ फेममध्ये (बेसबॉलच्या थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत) गेले, कोझाला मात्र मेजर लीगची एकही मॅच मिळाली नाही. त्याचं मला फार वाईट वाटतं.

टीम गेली कशी? माँडर २०१० मध्ये वारले. २०१५ मध्ये टीम नव्या मालकांकडे गेली, त्यांना नवीन स्टेडियम हवं होतं आणि त्यात सरकारचा पैसा. रोड आयलंडचे लोक आधीच पोळलेले होते, रेड सॉक्सचाच माजी पिचर (बॉल टाकणारा) कर्ट शिलिंग याच्या व्हिडिओ गेम कंपनीला राज्याने ७.५ कोटी डॉलरच्या कर्जाची हमी दिली आणि २०१२ मध्ये ती बुडाली. त्यामुळे विधिमंडळाने हात आखडता घेतला. मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरने स्टेडियम बांधून द्यायची तयारी दाखवली, २०१८ मध्ये जायचं जाहीर झालं. आमदारांना मी दोष देणार नाही, पण चाळीस-पन्नास वर्षं येणाऱ्या लोकांचा टीमवर कागदोपत्री काहीच हक्क नसतो हे मला चुकीचंच वाटतं. त्यात २०२० चा शेवटचा सीझन कोविडमुळे झालाच नाही, नीट निरोपसुद्धा देता आला नाही.

प्रश्न : मग मकॉय स्टेडियम आता बघता येईल का? – त्याच वाचक

उत्तर : नाही, २०२५ मध्ये ते पाडायला घेतलं, त्या जागी शहराचं हायस्कूल होतंय. टीम २०२१ पासून वूस्टरच्या पोलर पार्कमध्ये खेळते, सीझन मार्चअखेर ते सप्टेंबर, सोमवारी बहुतेक सुट्टी असते. बहिणीकडे गेलात तर मंगळवार ते रविवारमधलं तिकीट काढा.