‘मनावर घेतलं तर जमतं की तिला!’

एडीएचडी, म्हणजे लक्ष आणि चंचलपणा आवरणं अवघड जाणारी मेंदूची ठेवण, असलेली मुलं माझ्याकडे येतात. त्यांच्या घरच्यांकडून हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकते. कधी आई म्हणते, कधी बाबा, कधी आजी. पाठोपाठ पुरावाही येतो: तीन तास चित्र काढत बसते, मग गणिताला दहा मिनिटं बसायला काय होतं? एडीएचडी कसलं, आळसच ना हा?

रेवाच्या (नाव बदललंय) आईनं तर पुरावा हातात धरूनच आणला होता. पुठ्ठ्याचा ज्वालामुखी. सुबक रंगवलेला, प्रत्येक थराला नाव दिलेलं. “एका रात्रीत केलाय हिनं, मॅडम. आणि हीच बाई सकाळी मोजे घालायला वीस मिनिटं लावते. एक पायात, एक हातात, आणि नजर भिंतीवरच्या मुंगीवर!”

रेवा ११ वर्षांची. वर्गात कुणाला त्रास नाही, फक्त हरवलेली. अशा मुली उशिरा लक्षात येतात. बाकावरून उड्या मारणारा मुलगा पहिल्याच आठवड्यात दिसतो. लक्षणं वयाच्या सातव्या वर्षाआधी दिसायला हवीत अशी पूर्वी अट होती. २०१३च्या अमेरिकन निकषांत ती १२ वर्षांवर गेली, हे बरंच झालं. रेवाचं निदान मनोविकारतज्ज्ञांनी नीट केलं होतं. त्रास घरी आणि शाळेत दोन्हीकडे आहे ना, सहा महिन्यांहून जुना आहे ना, झोप, कान, डोळे ठीक आहेत ना, सगळं पाहून. आईनं ते ऐकून घेतलं होतं. पटलं मात्र नव्हतं.

चौथ्या भेटीत मी रेवाला सहज म्हटलं, “ज्वालामुखी झकास झालाय गं.”

“मला नाही आवडत तो.”

“का?”

“चांगलं केलं ना, की सगळे म्हणतात, बघ, जमतं ना! मग रोज ओरडा बसतो.” थोडं थांबून ती म्हणाली, “आता मी मुद्दाम थोडं वाईट करते.”

शेजारी आई पर्सची चेन उघडत होती, लावत होती. मीही काही बोलले नाही. सतरा वर्षं या खुर्चीत बसतेय; माझ्या शांत बसण्याचं मला थोडं कौतुक आहे. पण त्या दिवशी मी ठरवून गप्प नव्हते. सुचतच नव्हतं.

काल जमलं ते आज न जमणं, हाच तर एडीएचडीचा स्वभाव. लक्ष असतं, कधी कधी जरा जास्तच असतं. ते कुठं लावायचं आणि कुठून काढायचं, हे हातात नसतं. नवं, आवडीचं किंवा उद्याच द्यायचं असलेलं काही आलं की मेंदू जागा होतो. मोज्यांत नवं काय असणार? आणि आपण तिचा एक चांगला दिवस उरलेल्या सगळ्या दिवसांविरुद्ध साक्षीला उभा करतो.

“मग काय, सोडून देऊ?” आईनं विचारलं.

“सोडायचं नाही. बोलणं कमी करायचं.” स्वयंपाकघरातून ‘दात घास, मोजे घाल, डबा भर’ असं एका दमात ओरडलं, तर तिसरं पोहोचेपर्यंत पहिलं गळून गेलेलं असतं. जवळ जायचं, खांद्यावर हात ठेवायचा, एकच काम सांगायचं. वेळ सरतेय हे या मुलांना आतून कळत नाही. समोर वाळूचं घड्याळ ठेवलं तर डोळ्यांना दिसतं. कौतुक तिथल्या तिथं करायचं, आणि त्याला ‘मग रोज का नाही?’ हे शेपूट लावायचं नाही. (आई स्वतः दोनदा चुकीच्या वारी आली होती. यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. पण तो विषय मी पुढच्या भेटीसाठी राखून ठेवला.)

औषधाचं विचारतातच. ते ठरवायचं डॉक्टरांनी. भूक, झोप, वजन, उंची यांवर लक्षही त्यांनीच ठेवायचं. पण औषध सुरू करणं म्हणजे आईबाप कमी पडले, असं मानणाऱ्यांशी माझं अजिबात जमत नाही.

दीडेक महिन्यानं आईचा फोन आला. “मॅडम, आज सात मिनिटांत मोजे, बूट, सगळं!”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“‘छान’ म्हणाले. पुढचं गिळलं.” मग हसल्या. “फार जड गेलं हो.”