'ऑफ-इयर' निवडणूक: मध्यावधी की आडसाली?

व्हर्जिनियातल्या एका मैत्रिणीने विचारलंय. तिथल्या निवडणुकांवर ती मराठीत लेख लिहितेय आणि दोन जागी अडलीय. 'ऑफ-इयर इलेक्शन'ला 'मध्यावधी निवडणूक' म्हटलं तर चालेल का? आणि अमुक पक्षाकडे सभागृहाचा 'कंट्रोल' आला, याला 'सत्ता आली' म्हणावं का?

'मध्यावधी' नको. हा शब्द ऐकला की आपल्याला पाठिंबा काढलेला, सरकार गडगडलेलं, मुदतीआधी सभागृह बरखास्त झालेलं दिसतं. जनता सरकार कोसळल्यावर १९८० साली झाली ती मध्यावधी. अमेरिकेत 'मिडटर्म' म्हणतात ती ठरल्या वेळेला, अध्यक्षाच्या चार वर्षांच्या मधोमध येते. २०२२ ची तशी होती. आपली वर्तमानपत्रं तिलाही बिनदिक्कत 'मध्यावधी' म्हणतात. त्यात तुझी 'ऑफ-इयर' तर तीही नव्हे. ती विषम सनात येते, म्हणजे देशाच्या संसदेची नियमित निवडणूक नसते त्या वर्षी. व्हर्जिनिया, न्यू जर्सी, मिसिसिपी आणि लुइझियाना या चारच राज्यांची विधिमंडळं अशा वर्षी निवडली जातात.

कुणी 'बिगरहंगामी' सुचवेल. पण व्हर्जिनियात मतदान नोव्हेंबरातच होतं, हंगाम काही चुकलेला नसतो. मला 'आडसाली' आवडतो. आड म्हणजे मधला: दिवसाआड पाणी, वर्षाआड फळणारा हापूस. बागायतदार इंग्रजीत बोलतात तेव्हा आंबा न धरणाऱ्या वर्षाला 'ऑफ-इयर'च म्हणतात, तेव्हा शब्दाची सोयरिक आधीपासून आहे. अडचण एवढीच, की कोल्हापूर-सांगलीकडच्या वाचकाला 'आडसाली' म्हटलं की जुलै-ऑगस्टात लावलेला, दीड वर्षाने तुटणारा ऊस आठवणार. आठवू दे. पहिल्यांदा 'आडसाली, म्हणजे विषम वर्षातली' असं लिही, पुढे नुसतं आडसाली. फारच धाडस वाटलं तर सरळ 'विषम वर्षातली निवडणूक'. रुक्ष आहे, पण चूक नाही.

आता 'सत्ता'. खरा घोळ इथे आहे. आपल्याकडे विधानसभेत बहुमत मिळालं की मुख्यमंत्री त्यांचा, म्हणून बहुमत आणि सत्ता हे शब्द एकमेकांच्या जागी सहज बसतात. तिथे गव्हर्नर, म्हणजे राज्य सरकारचा प्रमुख, लोक वेगळा निवडून देतात. २०२३ च्या आडसाली निवडणुकीत डेमोक्रॅटांनी व्हर्जिनियाचं खालचं सभागृह ५१-४९ असं परत घेतलं, सिनेट २१-१९ ने राखलं, आणि गव्हर्नरच्या खुर्चीत रिपब्लिकन ग्लेन यंगकिन होते तसेच राहिले. मग सत्ता कुणाची? त्यांनी नकाराधिकार वापरला की दोन-तृतीयांश मतं नसलेलं हे बहुमत हात चोळत बसणार. म्हणून 'सभागृहात बहुमत मिळालं', 'सभागृह राखलं', 'सभागृह हातचं गेलं' असं लिही. 'सत्तांतर' मोडीत काढ. 'नियंत्रण मिळवलं' हेही मला पाणीपुरवठा खात्याच्या पत्रकासारखं वाटतं. २०२५ मध्ये डेमोक्रॅटांनी खालच्या सभागृहात शंभरपैकी ६४ जागा घेतल्या आणि गव्हर्नरपदही जिंकलं. तिथे 'सत्ता आली' खुशाल म्हण.

जाता जाता: सिनेटला 'विधान परिषद' करू नकोस, ते थेट लोकांनी निवडलेलं सभागृह आहे. गव्हर्नरचा 'राज्यपाल'ही करू नकोस. आपल्या राज्यपालाला कुणी मत देत नाही. हैदराबादेत जन्मलेल्या गझाला हाशमी २०२५ मध्ये तिथे 'लेफ्टनंट गव्हर्नर' म्हणून निवडून आल्या. त्यांना 'उपराज्यपाल' म्हटलं तर वाचकाला दिल्ली किंवा पुद्दुचेरी दिसेल.

२०१७ चा किस्सा तू लिहिणार असशील, तर त्यासाठी आपल्याकडे तयार शब्द आहे. व्हर्जिनियाच्या खालच्या सभागृहाच्या ९४ व्या मतदारसंघात फेरमोजणीत डेमोक्रॅट उमेदवार एका मताने पुढे होती. मग न्यायालयाने वादातली एक मतपत्रिका ग्राह्य धरली आणि दोघांची ११,६०८-११,६०८ अशी बरोबरी झाली. जानेवारी २०१८ मध्ये कॅमेऱ्याच्या फिल्मच्या डब्यांत नावं घालून ते एका चिनीमातीच्या वाडग्यात ठेवले आणि एक उचलला. नाव निघालं रिपब्लिकन डेव्हिड यान्सींचं, आणि त्या एका डबीवर त्यांच्या पक्षाचं बहुमत ५१-४९ असं टिकलं. त्याच २०१७ मध्ये मुंबई महापालिकेच्या २२० क्रमांकाच्या प्रभागात शिवसेना आणि भाजपची अशीच बरोबरी झाली होती, तिथेही चिठ्ठीच काढावी लागली. तेव्हा 'लॉटरी', 'ड्रॉ' काही लिहू नकोस. ईश्वरचिठ्ठी लिही.