वावर गहाण टाकण्यापूर्वी

दारव्हा तालुक्यातील एका शेतकरी वडिलांचे पत्र आले आहे. त्यांच्या मुलाने दहावीनंतर आयटीआयमधून इलेक्ट्रिशियनचा अभ्यासक्रम पूर्ण केला आहे. ओळखीतला एक माणूस त्याला दुबईत महिना 30,000 रुपयांचे काम लावून देतो म्हणतो आणि त्यासाठी 1,80,000 रुपये मागतो. आधी व्हिजिट व्हिसावर जायचे आणि काम लागले की व्हिसा बदलून घ्यायचा, असे त्याचे सांगणे आहे. हे पैसे उभे करण्यासाठी दोन एकर वावर सावकाराकडे गहाण टाकावे काय, असे वडिलांनी विचारले आहे.

भाऊ, मुलाने बाहेर जावे, या मताचा मी आहे. कापूस-सोयाबीनच्या भरवशावर त्याने गावातच राहावे, असे मी कोणत्या तोंडाने सांगू? परंतु आपण लिहिलेल्या वाटेने त्याला पाठवू नये आणि वावरही गहाण टाकू नये.

आधी हिशेब पाहू. सावकाराचा दर आपण शेकडा तीन रुपये महिना लिहिला आहे. त्याप्रमाणे 1,80,000 रुपयांचे व्याजच महिन्याला 5,400 रुपये होते, म्हणजे दोन वर्षांत 1,29,600 रुपये, आणि मुद्दल तसेच उभे. शिवाय ज्याच्या डोक्यावर असे कर्ज असते, तो कामगार पगार थकला किंवा कबूल केलेले काम बदलले तरी मालकासमोर बोलू शकत नाही. कारण परतायचे म्हटले की त्याला वावर दिसते.

वास्तविक एवढी रक्कम मागण्याचा अधिकारच कोणाला नाही. 1983 च्या उत्प्रवासन (म्हणजे कामासाठी परदेशी जाण्याच्या) कायद्याखाली नोंदणी झालेल्या एजंटला कामगाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावरील जीएसटी एवढेच घेता येते आणि त्याची पावती द्यावी लागते. संयुक्त अरब अमिरातीच्या 2022 पासून लागू असलेल्या कामगार कायद्याने तर भरतीचा खर्च कामगाराकडून वसूल करण्यास आणि त्याचा पासपोर्ट अडकवून ठेवण्यास मालकाला मनाई केली आहे. व्हिजिट व्हिसावर काम करणे तिथे बेकायदेशीर आहे. त्यामुळे पगार बुडाल्यास तक्रार करायला जाणाराच आधी गुन्हेगार ठरण्याची भीती असते.

आता एक गोष्ट, जी फार थोड्या पालकांना ठाऊक असते. दहावी न झालेल्या माणसाला आखातासह 18 देशांत नोकरीसाठी जाताना उत्प्रवासी संरक्षकांच्या, म्हणजे परदेशी कामाला जाणाऱ्यांचे हित पाहणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांच्या, कार्यालयाची परवानगी लागते. त्या वेळी त्याचा करार तपासला जातो आणि 10 लाख रुपयांचा प्रवासी भारतीय विमाही काढावा लागतो. दोन वर्षांचा हप्ता अवघा 275 रुपये आणि कर एवढा आहे. आपला मुलगा दहावी झालेला असल्याने त्याच्या पासपोर्टवर ही अट येणार नाही. लोक याला सुटका समजतात, पण अटीबरोबर सरकारी तपासणीही सुटते. म्हणून ती तपासणी आपल्यालाच करावी लागेल.

त्या माणसाचे नाव आणि परवाना क्रमांक विचारून परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहा. तालुक्याच्या सेतू केंद्रात किंवा कॉलेजात शिकणाऱ्या कोणाही मुलाकडून हे दहा मिनिटांत होईल. नाव सापडले नाही, तर तो एजंट नाही, दलाल आहे. सापडले, तर मालकाचे नोकरीचे लेखी पत्र आणि कामाचा व्हिसा मागा, आणि त्यात पदनाम, मूळ पगार, राहण्याची सोय व परतीचे तिकीट कोणाकडे आहे, हे वाचून घ्या. 30,000 हा मूळ पगार आहे की ओव्हरटाइम धरून सांगितलेला आकडा, हे मात्र नक्की विचारा. बहुतेक फसगत याच ओळीत होते.

पासपोर्ट नागपूरच्या कार्यालयामार्फत आताच काढून ठेवा. दरम्यान मुलाने महावितरणमधील शिकाऊ उमेदवारीसाठी अर्ज करावा किंवा नागपूरजवळच्या बुटीबोरीतील एखाद्या कारखान्यात वर्षभर काम करावे. अनुभवाचे प्रमाणपत्र असलेल्या इलेक्ट्रिशियनला पगार ठरवताना काही म्हणता येते. कोऱ्या उमेदवाराला मिळेल ते घ्यावे लागते.

नोकरीचे पत्र हाती आले तर त्याची प्रत मला पाठवा, मी वाचून कळवतो. तोवर त्या माणसाला इसार म्हणूनही काही देऊ नका आणि पासपोर्ट त्याच्या हाती सोपवू नका.